सरकीवरचा हिरवट-पिवळा ठिपका

यवतमाळ-वर्ध्याकडे दुभत्या जनावराच्या गव्हाणीत सरकी किंवा ढेप असतेच. याच सरकीवर कधीकधी अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. विषाला रंग नाही, वास नाही. पण 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली अशा सरकीवरचे तंतू बरेचदा चमकतात. टॉर्च कुणालाही घेता येते. चमक वाचणे अवघड असते.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काही रेणू ते शोषतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली काही अब्जांश सेकंदांत दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत सोडतात. ऊर्जा घटली म्हणजे तरंगलांबी वाढते. अफ्लाटॉक्सिन बी-1 हा 365 नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन सुमारे 425 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतो. प्रतिदीप्ती म्हणतात ती हीच. 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे पद्धतशीर वर्णन केले. अफ्लाटॉक्सिनच्या नावांतले बी आणि जी हे ‘ब्लू’ आणि ‘ग्रीन’ या शब्दांवरून आले आहेत.

गंमत अशी की कापसावरचे चमकते ठिपके विषाच्या आधी सापडले. 1955 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कच्च्या कापसावरच्या ठिपक्यांचा संबंध बुरशीशी जोडला होता. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत निघाला आणि मग अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला.

आता मुख्य गोष्ट. टॉर्चखाली दिसतो तो हिरवट-पिवळा प्रकाश अफ्लाटॉक्सिनचा नसतोच. बुरशी कोजिक आम्ल तयार करते. ओल्या, जिवंत बोंडातले पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्यावर काम करते आणि जो पदार्थ बनतो तो टॉर्चखाली काजव्याच्या रंगात चमकतो. म्हणजे आपण पाहतो ती बुरशीची खूण. कोजिक आम्ल बनवणाऱ्या पण विष न बनवणाऱ्या बुरशीच्या जातीही आहेत, तिथे टॉर्च उगाच घाबरवते. उलट, वेचून वाळलेल्या सरकीला पुढे गोदामात ओल लागून बुरशी आली, तर जिवंत ऊतक नसल्याने विष तयार होऊनही ठिपका बहुधा दिसत नाही. थोडक्यात, टॉर्च शेतातला संसर्ग दाखवते, गोदामातला नाही. हा फरक ध्यानात न घेता ‘चमकले नाही म्हणजे माल चोख’ असे म्हणणे धोक्याचे.

शेतात ही बुरशी बोंडात शिरते कशी? एक ठरलेली वाट म्हणजे गुलाबी बोंडअळीने बाहेर पडताना पाडलेले भोक. वर उष्ण हवा आणि बोंड उमलताना आलेला पाऊस किंवा दमट दिवस असले की काम झालेच. म्हणून अळी लागलेली बोंडे, कवडी झालेला (नीट न उमललेला) कापूस आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाचा) माल वेगळा ठेवून आधी तपासावा. चांगल्या मालात मिसळल्यावर शोधणे जवळजवळ अशक्य होते.

टॉर्च 365 नॅनोमीटरचीच हवी. बाजारात बहुतेक 395 नॅनोमीटरच्या मिळतात. त्यांचा जांभळा उजेड सगळ्यावर पसरतो आणि फिका ठिपका त्यात बुडतो. काचेसमोर काळी गाळणी (फिल्टर) असली, तर उरलासुरला दिसणारा उजेडही अडतो. आणखी एक अडचण झोताची. लेझर असो वा साधी टॉर्च, झोत मधे तेज आणि कडेला मंद असतो, त्यामुळे एकच ठिपका मधे ठळक आणि कडेला नाहीसा दिसतो. सरकी निवडणाऱ्या यंत्रांत भिंगांनी झोताला सारखी रेघ बनवून हे टाळता येते. हातात टॉर्च असेल तर ती 15-20 सेंटीमीटरवर धरून सावकाश फिरवावी आणि झोताच्या मधल्या भागातच बघावे.

खोली पूर्ण अंधारी करून डोळ्यांना पाच मिनिटे द्यावीत. पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा, बुरशीच्या धुळीसाठी मास्क बांधावा. सरकी काळ्या कागदावर एका थरात पसरावी. साबणाने धुतलेले कापड नको, कारण डिटर्जंटमधले चमक आणणारे द्रव्य निळे-पांढरे लकाकते. पांढरा कागद, प्लॅस्टिकचे तुकडेही तसेच फसवतात. निळा-पांढरा प्रकाश मोजू नये, हिरवट-पिवळाच मोजावा. तपासणी माल ताजा असतानाच करावी. उजेडात पडून राहिल्यावर चमक ओसरते. आम्लाने तंतू काढलेल्या बियाण्यावर ठिपका उरत नाही आणि ढेपेवर तर टॉर्च मारूच नये: दळणे, तापणे आणि टरफलाची भेसळ यांत खूण हरवलेली असते. फोनने फोटो काढायचा तर एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करावेत, नाहीतर कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो.

सर्वात मोठी चूक मात्र नमुना घेण्यात होते. विष सरकीत सारखे पसरलेले नसते. एका सरकीच्या दाण्यात किलोला 50 लाख मायक्रोग्रॅमहून जास्त अफ्लाटॉक्सिन आढळले आहे. असा दाणा 0.1 ग्रॅमचा धरला तर त्यात 500 मायक्रोग्रॅम विष. पाच किलो सरकीत, म्हणजे सुमारे 50 हजार दाण्यांत, तो एकच असला तरी सरासरी किलोला 100 मायक्रोग्रॅम येते. पोत्याच्या तोंडातून मूठभर सरकी काढली तर तो दाणा हाती लागण्याची शक्यता किती, याचा हिशेब कुणीही करू शकेल. म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी काढून चार-पाच किलोचा ढीग करावा, नीट मिसळून सगळा टॉर्चखाली पाहावा. चमकलेले दाणे वेगळे काढून उरलेली सरकी खुशाल चारायची, हाही भ्रमच.

ठिपके दिसले तर प्रयोगशाळा गाठावी. तिथे सगळा नमुना दळून मिथेनॉल-पाण्यात विष उतरवतात, विषाला धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांच्या नळीतून गाळतात आणि क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, प्रतिदीप्तीनेच मोजतात. इथेही पाणी आड येते: पाण्यात बी-1 आणि जी-1 यांची चमक विझते. त्यामुळे ब्रोमीन, आयोडीन किंवा 254 नॅनोमीटरच्या दिव्याने त्यांचे चमकणाऱ्या रूपात रूपांतर करून मगच मोजमाप घ्यावे लागते.

गाईने खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 2 टक्के दुधात एम-1 या रूपात उतरते. गाईने किलोला 100 मायक्रोग्रॅम विष असलेली सरकी रोज तीन किलो खाल्ली, तर पोटात 300 मायक्रोग्रॅम गेले. 2 टक्क्यांनी त्यातले 6 दुधात येतात. दूध सहा लिटर असेल तर लिटरला 1 मायक्रोग्रॅम, आणि आपल्याकडची मर्यादा किलोला 0.5 आहे. उकळून हे विष जात नाही. सरकी बंद केल्यावर मात्र दुधातले प्रमाण काही दिवसांतच खाली येते, तेव्हा खाद्य बदलल्यावर आठवड्याने दुधाचा नमुना पुन्हा द्यावा.