टॅक्टिकल टॉर्चची पारख (खानदेश)

टॅक्टिकल टॉर्च : पोलीस व लष्कराच्या कामासाठी घडवलेली, मुठीत मावणारी, धातूच्या अंगाची एलईडी विजेरी. मागच्या टोकाला अंगठ्याने दाबायचे बटण, अर्धे दाबले तर दाबून धरेपर्यंतच उजेड, पहिल्याच दाबाला पूर्ण झोत आणि समोरच्याचे डोळे दिपवणारा स्ट्रोब (वेगाने उघडझाप करणारा झोत) ही तिची ओळख. खानदेशात मात्र ती रुजली ती शेताच्या वाटेने. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कृषिपंपांची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी लागली की केळीला, गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला अंधारात बांधावर जावे लागते, आणि तिथे मण्यार, घोणस यांची गाठ पडू शकते. सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचीही धास्ती असते. त्यामुळे इथे ‘बॅटरी’ची (टॉर्चला बोलीत हेच नाव) पारख पोलिसी निकषांवर करून भागत नाही.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा लुमेनचा असतो, आणि सर्वांत कमी विश्वास ठेवावा तोही त्यावरच. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका ठिकाणी किती एकवटला आहे हे कँडेला सांगते, आणि झोताचा पल्ला ठरतो तो कँडेलावर. टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एफएल-१ मानकानुसार, ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्सवर (लक्स : एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो, ते अंतर म्हणजे पल्ला. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की तो मीटरमध्ये मिळतो : १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० कँडेलाला ४००. पल्ला दुप्पट हवा तर झोत चौपट तीव्र लागतो. चांदण्याएवढ्या उजेडात बिबट्या की कुत्रा हे कळणे कठीण, म्हणून छापील पल्ल्याच्या निम्मेच अंतर कामाचे धरावे.

हे घरीही पडताळता येते. मोबाइलमध्ये लक्स मोजणारे ॲप घेऊन पाच मीटरवरून झोताचा मध्य सेन्सरवर धरायचा आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणायचे. उत्तर कँडेलात येते. ४०० लक्स दिसले तर १०,००० कँडेला. मोबाइलचा सेन्सर फार नेमका नसतो, पण दुकानातल्या दोन टॉर्चमधली सरस कोणती हे त्यावरून कळते. एकूण उजेडाची तुलना करायची तर बंद खोलीत दोन्ही टॉर्च आळीपाळीने छताकडे रोखून, खोली कितपत उजळते ते पाहावे.

खरी फसवणूक सेलमध्ये असते. या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० हा लिथियम-आयन सेल बसतो : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या सेलची क्षमता ३,००० ते ३,६०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ९,९०० छापलेला सेल दिसला तर तो खोटा समजावा. अशा सेलचे वजनही बरेचदा अस्सल सेलच्या ४५ ते ५० ग्रॅमपेक्षा खूप कमी भरते. ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे साडेबारा वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटमागे शंभर-सव्वाशे लुमेन निघाले, तरी १,००० लुमेनचा उजेड तास-दीड तासापलीकडे टिकू शकत नाही. ‘१,००० लुमेन, १० तास’ हा दावा एका सेलवर गणितातच बसत नाही. शिवाय एफएल-१ मध्ये उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ चालण्याच्या वेळेत धरतात. म्हणजे प्रामाणिक कंपनीच्या तासांतही मिणमिणता काळ मोजलेला असतो.

दुसरी कसोटी उष्णतेची. पूर्ण उजेडात एलईडी तापते, आणि चांगली टॉर्च एक-दोन मिनिटांत आपणहून उजेड उतरवते. गिऱ्हाईक याला बिघाड समजते, पण तो बचाव आहे. पाहायचे ते उतरल्यावर उरणाऱ्या उजेडाकडे. पाण्याच्या पाळीला हा टिकाऊ उजेडच उपयोगी, पहिल्या मिनिटाचा लखलखाट नव्हे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टॉर्च ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यास सेल लवकर म्हातारा होतो. लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचा असतो, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत भरदुपारी चार्जिंग टाळलेले बरे.

झोताचा आकार कामाप्रमाणे निवडावा. रावेर-यावलच्या दाट केळीत लांब फेकीची टॉर्च गैरसोयीची ठरते : एकवटलेला झोत हातभर अंतरावरच्या पानावर आपटून आपलेच डोळे दिपवतो. तिथे खडबडीत परावर्तकाचा किंवा मोठ्या कोनाच्या लेन्सचा पसरट उजेड बरा. मोकळ्या कपाशीच्या रानात, नदीकाठी, वनरक्षकाच्या गस्तीत गुळगुळीत, खोल परावर्तकाची टॉर्च उजवी.

रंगाकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि ही चूक महागात पडू शकते. ६,५०० केल्विनचा (केल्विन : उजेडाच्या रंगछटेचे माप, आकडा वाढेल तसा उजेड निळसर) निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त भासतो, पण त्यात तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात. वाळलेल्या केळीच्या पानांत पडलेली घोणस ओळखायची तर ४,००० ते ५,००० केल्विनचा, ९० च्या आसपास रंगनिर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) असलेला उजेड घ्यावा, लुमेन थोडे कमी मिळाले तरी.

टॉर्च वेगाने हलवली असता उजेडाची सलग रेघ न दिसता तुटक ठिपके दिसले, तर आतले सर्किट स्वस्तातले आहे असे बहुधा समजावे. मंद उजेडावर हे जास्त जाणवते. स्ट्रोबचा शेतात उपयोग जवळपास शून्य. ज्या टॉर्चमध्ये मंद उजेडाकडे जाताना दर वेळी स्ट्रोब आणि एसओएस (मदतीच्या हाकेची लुकलुक) ओलांडावे लागतात, ती घेऊच नये.

बांधणी हाताला कळते. कठीण ॲनोडायझिंग केलेल्या (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर कठीण थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमवर किल्लीने सहज ओरखडा उठत नाही, नुसता रंग मात्र सोलून निघतो. पाण्यापासूनचे संरक्षण आयपीएक्स या श्रेणीने सांगतात. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, म्हणून पाटात पडण्याचा संभव असेल तिथे हेच घ्यावे. काळ्या मातीची धूळ आट्यांत बसली की पाणी अडवणारी रबरी कडी झिजते आणि हे संरक्षण संपते. आटे पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे. व्हॉल्व्ह फिरवायला दोन्ही हात लागतात तिथे मात्र उत्तम टॅक्टिकल टॉर्चपेक्षा कपाळावरची साधी हेडटॉर्च सोयीची.