शून्यावर परतणारा काटा

क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेल्या, घड्याळाचा चेहरा लांबूनही ओळखू येतो. मोठ्या तबकडीत दोन-तीन छोट्या तबकड्या, कडेने बारीक आकड्यांची पट्टी आणि चावीच्या वर-खाली एकेक बटण. ओमेगाचं स्पीडमास्टर 1957 पासून आणि रोलेक्सचं डेटोना 1963 पासून हा चेहरा घेऊन वावरत आहेत, आणि दोन्ही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहेत. तोच चेहरा कधीकधी किमतीच्या शंभराव्या हिश्श्यात देणारी घड्याळं आज ढिगाने मिळतात. ती घ्यावीत का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: बटण दाबल्यावर आत काय होतं, ते पाहिलं आहे का? स्वस्त-महागाचा बराचसा निकाल त्या एका दाबातच लागतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. ज्या घड्याळावर दुसऱ्या कंपनीचं नाव आणि चिन्ह छापलेलं असतं, ते तोतया. त्याची विक्री बेकायदा आहे आणि आत काय भरलं आहे याची जबाबदारी घ्यायलाही कुणी नसतं. कितीही स्वस्त असलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. पण तोंडवळा मिळताजुळता असून स्वतःचं नाव लावणारं घड्याळ वेगळं. चेहरा मिळणं हा गुन्हा नाही. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

क्रोनोग्राफ म्हणजे 'काळ लिहिणारा', आणि सुरुवातीला तो खरोखर लिहीत असे. 1821 साली निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत असं यंत्र वापरलं, की बटण दाबताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे मधला वेळ. त्याच्याही आधी, 1816 साली, लुई मॉयने याने आकाशातल्या निरीक्षणांसाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र बनवलं होतं. त्याचं चक्र तासाला 2,16,000 ठोके देत असे. आजची बहुतेक चांगली यांत्रिक घड्याळं 28,800 ठोक्यांवर चालतात, यावरून त्याच्या हाताची कल्पना यावी.

पण मला या इतिहासातला सगळ्यात सुंदर तुकडा वाटतो तो 1844 सालचा. तोवर बहुतेक यंत्रांत काटा थांबवता येत होता, पण चटकन शून्यावर आणता येत नव्हता. अॅडॉल्फ निकोल याने काट्याच्या अक्षावर हृदयाच्या आकाराची एक इवलीशी चकती बसवली. बटण दाबलं की एक हातोडी त्या चकतीच्या कडेवर आपटते. काटा सातव्या सेकंदाला असो की त्रेपन्नाव्या, हृदयाची कड दोन्ही बाजूंनी खाचेकडेच उतरत जाते. हातोडीचा दाब चकतीला फिरवत खाचेपाशी आणून टेकवतो, आणि काटा डोळ्याचं पातं लवायच्या आत बारावर येतो. वाडग्यात कुठेही सोडलेली गोटी तळाशीच येते, तसंच हे. काटा कुठे आहे हे यंत्राला ठाऊक असण्याची गरजच नाही. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी यापेक्षा सोपी युक्ती कुणाला सापडलेली नाही. हे हृदय लक्षात ठेवा, स्वस्त घड्याळाच्या पोटात ते पुन्हा भेटणार आहे.

आता अचूकतेकडे वळू. इथे स्वस्त घड्याळ महागड्याला सहज मागे टाकतं. महागड्या यांत्रिक घड्याळात वेळेचा ठेका एक बॅलन्स चाक धरतं. बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते इकडून तिकडे झुलतं. 28,800 ठोके तासाला, म्हणजे सेकंदाला आठ. मनगट कसं वळलं, तेल किती जुनं झालं, जवळपास चुंबक होता का, या सगळ्याचा त्या झुलण्यावर परिणाम होतो. स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर चाचणीत घड्याळाचं यंत्र 15 दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात. उत्तीर्ण होण्याची मर्यादा दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे. दिवसाचे 86,400 सेकंद असतात, हे ध्यानात घेतलं की केवळ स्प्रिंग आणि दातेरी चाकांच्या जोरावर गाठलेला हा पल्ला थक्क करतो.

तरीही बहुतेक स्वस्त घड्याळांत असलेल्या, सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झपुढे तो टिकत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटही होतं: विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित आक्रसतो, फुलतो. घड्याळात चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला बरोबर 32,768 वेळा थरथरेल असा कापलेला असतो. ही संख्या मुद्दाम निवडली आहे. तिला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की उरतो 1, म्हणजे सेकंदाला एक ठोका. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात सोपं काम. अशा साध्या यंत्राची चूक महिन्याला 15-20 सेकंदांच्या आत राहते. दिवसाला पाच सेकंद चुकणारं उत्तम यांत्रिक घड्याळ तेवढी चूक चार दिवसांत करून मोकळं होतं. 1969 च्या डिसेंबरमध्ये सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, त्या दिवसापासून अचूकता ही श्रीमंतीची खूण राहिली नाही.

मग कुणी म्हणेल, क्रोनोग्राफचं काम तर सेकंदाचे तुकडे मोजण्याचं. खरं आहे, पण बटण बोटानेच दाबायचं असतं. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यामुळे काटा सेकंदाचा पाचवा भाग दाखवतो की आठवा, याने हाताने मोजलेल्या वेळेत फारसा फरक पडत नाही. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या परतीच्या वाटेवर इंजिन 14 सेकंद पेटवून मार्ग सुधारायचा होता. यानातली बहुतेक उपकरणं वीज वाचवण्यासाठी बंद होती, तेव्हा अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या स्पीडमास्टरवर ते सेकंद मोजले. तिथे खरा कस लागला तो घड्याळाच्या विश्वासार्हतेचा. त्यासाठीच नासाने 1965 मध्ये उष्णता, थंडी, धक्के आणि निर्वात पोकळी अशा कसोट्या लावून ते निवडलं होतं.

स्वस्त क्रोनोग्राफच्या पोटात साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट असते. पहिली, साधं क्वार्ट्झ यंत्र. त्यात शून्यावर आणण्याचं काम मोटर करते, म्हणून काटा एकेक पाऊल टाकत गोल फिरून परततो. काम होतं, पण त्या बटणात जीव नसतो.

दुसरी मला मनापासून आवडते. तिला जाणकार मेकाक्वार्ट्झ म्हणतात, आणि सेइकोचं व्हीके63 हे तिचं सगळ्यात पसरलेलं रूप. यात वेळेचा ठेका क्वार्ट्झ धरतो, पण क्रोनोग्राफचा भाग यांत्रिक असतो: तरफा, हातोडी आणि तेच 1844 चं हृदय. सेकंदकाटा सेकंदाला पाच बारीक पावलं टाकत सरकतो, आणि खालचं बटण दाबलं की सटकन शून्यावर. बोटाला जाणवणारा तो खटका अस्सल असतो, कारण आत खरोखर काहीतरी आपटलेलं असतं. सेल सुमारे तीन वर्षं चालतो. डेटोनासारख्या दिसणाऱ्या घड्याळांपैकी कितीतरी याच यंत्रावर चालतात, आणि घ्यायचंच असेल तर माझं मत यालाच.

तिसरा प्रकार म्हणजे स्वस्तातलं यांत्रिक यंत्र, आणि इथे सावध राहायला हवं. चांगला यांत्रिक क्रोनोग्राफ बनवणं फार कठीण. त्यात चालू-बंदचा हुकूम देणारं कॉलम व्हील असतं. बुरुजासारखे खांब असलेलं ते छोटं चाक एकेक घर पुढे सरकतं, आणि तरफा कधी खांबावर चढतात, कधी दोन खांबांच्या मध्ये उतरतात. शिवाय धावत्या घड्याळाला क्रोनोग्राफचा काटा जोडायचा तर क्लच लागतो. आडव्या क्लचमध्ये दात दातांत अडकतात, म्हणून सुरू होताना काटा कधीकधी किंचित उडतो. उभ्या क्लचमध्ये दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, काटा न दचकता निघतो. 2000 ते 2023 या काळात डेटोनात बसवल्या गेलेल्या 4130 या यंत्रात कॉलम व्हील आणि उभा क्लच दोन्ही आहेत. महागड्या घड्याळाच्या किमतीत नावाचा मोठा वाटा आहे हे खरंच, पण सुमारे दोनशे भाग इतक्या बारकाईने घडवून, घासून, एकमेकांशी जुळवून बसवणं हे श्रमही त्यात आहेत. ते स्वस्तात कुणी देऊ शकत नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधल्या तिआनजिनच्या घड्याळ कारखान्याने वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनवायचं ठरवलं आणि स्वित्झर्लंडच्या व्हीनस 175 या यंत्राची साधनसामग्री मिळवली. त्याचा वंशज असलेलं सीगल एसटी19 आजही बनतं. चावी द्यायचं, कॉलम व्हीलचं, तासाला 21,600 ठोक्यांचं हे यंत्र स्विस यांत्रिक क्रोनोग्राफच्या तुलनेत खूपच स्वस्त असतं. त्याला नकली म्हणणं अन्यायाचं होईल, कारण ते त्याच घराण्यातलं आहे. तेलपाणी आणि नियमन मात्र नशिबावर सोडलेलं असू शकतं, तेव्हा जुळवून देणारा घड्याळजी गाठीला हवा.

याउलट सगळ्यात फसवं घड्याळ ते, ज्यात छोट्या तबकड्यांवर वार, तारीख आणि महिना असतो आणि बटणांनी फक्त त्या पुढे सरकवता येतात. चेहरा क्रोनोग्राफचा, पण मोजत काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे तबकड्या नुसत्या छापलेल्या आणि काटे डिंकाने चिकटवलेले. असं घड्याळ कोणत्याही किमतीत महागच.

व्हीके63 वर चालणाऱ्या घड्याळातही एक जागा ओळखून ठेवावी. डेटोनात तीनपाशी असलेली तबकडी मोजलेली मिनिटं दाखवते आणि नऊपाशी असलेली तास. व्हीके63 मध्ये मिनिटं नऊपाशी मोजली जातात, साठपर्यंत, आणि तीनपाशी असतो चोवीस तासांचा काटा. तो तासकाट्याला बांधलेला असतो, क्रोनोग्राफशी त्याचा संबंध नाही. म्हणजे तासाभरापेक्षा जास्त वेळ मोजता येत नाही. चेहरा जुळवायला भरलेली ही जागा आहे. मला ती खटकते, पण कामात अडथळा आणत नाही.

कडेची टॅकिमीटर पट्टी, म्हणजे वेग वाचायची आकड्यांची पट्टी, हीही तपासावी. तिचं गणित सोपं आहे: 3600 ला सेकंदांनी भागायचं. एक किलोमीटर 36 सेकंदांत कापला तर वेग ताशी 100. म्हणून 120 चा आकडा बरोबर तिसाव्या सेकंदासमोर आणि 240 पंधराव्या सेकंदासमोर यायला हवा. तिथे नसेल तर ती पट्टी निव्वळ नक्षी.

बाहेरच्या सामानात अंतर आता बरंच कमी झालं आहे. ऑग्युस्त व्हर्नुइ याने 1902 मध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीत वितळवून कृत्रिम नीलम बनवण्याची रीत जाहीर केली, आणि आज नीलमाची काच स्वस्त घड्याळातही बसते. मोहसच्या मापावर तिचा कठीणपणा 9, वाळूतल्या क्वार्ट्झचा 7, साध्या खनिज काचेचा साधारण 6. साध्या काचेवर धुळीने ओरखडे पडतात आणि नीलमावर पडत नाहीत, ते यामुळे. गंमत म्हणजे स्पीडमास्टर आजही अॅक्रिलिकच्या मऊ काचेतही मिळतं. ती ओरखडते, पण फुटून तिचे तुकडे उडत नाहीत, आणि अंतराळयानात तेच महत्त्वाचं होतं.

पोलादाचंही तसंच. रोलेक्स वापरतं त्या 904एल पोलादात निकेल आणि मॉलिब्डेनम जास्त असतं, म्हणून खारं पाणी त्याला कमी खातं. पण ते अधिक कठीण नसतं, आणि रोजच्या घामाला नेहमीचं 316एल पोलाद पुरेसं आहे. पितळेवर किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेलं घड्याळ मात्र टाळावं. मुलामा उडाला की खालचा धातू त्वचेला लागतो, आणि त्यात निकेल असेल तर त्याची अॅलर्जी असलेल्यांना पुरळ उठू शकते.

पाण्याबाबत कंजूषीनेच विश्वास ठेवावा. '30 मीटर' हा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे, पोहण्याची परवानगी नव्हे. क्रोनोग्राफला दोन बटणांची दोन भोकं जास्त, आणि प्रत्येक भोकाचं रक्षण एका रबरी कडीवर. डेटोनाची बटणं आट्याने घट्ट बसतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या घड्याळात ते आटे नुसते दिसायला असू शकतात. ओल्या हाताने बटण दाबू नये, हे बरं.

मूळ कंपनीलाही या चेहऱ्याची ओढ कळते. 2022 मध्ये ओमेगा आणि स्वॉच या एकाच समूहातल्या कंपन्यांनी मूनस्वॉच काढलं: स्पीडमास्टरचा तोंडवळा, आत क्वार्ट्झ, आणि केस सिरॅमिक व एरंडेलापासून मिळवलेल्या प्लास्टिकच्या मिश्रणाची.

टिकाऊपणाचा हिशेब मला सरळ वाटतो. महागडा क्रोनोग्राफ दर काही वर्षांनी पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून परत जोडावा लागतो. त्या एका खेपेच्या खर्चात मेकाक्वार्ट्झचं अख्खं घड्याळ नवीन येऊ शकतं. पण नीट सांभाळलं तर ते महागडं यंत्र नातवाच्या मनगटावरही चालेल. मेकाक्वार्ट्झ बिघडलं तर अख्खं यंत्रच बदलतात, आणि ते बनायचं बंद झालं की घड्याळाचं आयुष्य संपलं. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू हवी असेल तर थांबून पैसे साठवावेत. चहा किती मिनिटं उकळला हे मोजायचं असेल, तो खटका बोटाखाली हवा असेल आणि हा चेहरा आवडत असेल, तर मेकाक्वार्ट्झ बिनधास्त घ्यावं.

घेताना शेवटची तपासणी एवढीच. वरचं बटण दाबून काटा सोडा, वीसेक सेकंदांनी थांबवा, मग खालचं बटण दाबा. असं चार-पाच वेळा, दर वेळी वेगळ्या जागी थांबवून करा. काटा दर वेळी बरोबर बाराच्या रेघेवर बसतो का ते पाहा. मोटरवाल्या घड्याळात तो बटणांनीच पुन्हा जुळवता येतो. हृदयाच्या चकतीला मात्र आपली एकच जागा ठाऊक असते, आणि कारखान्यात काटा तिरका बसवला असेल तर तो कायम तेवढाच तिरका परत येतो. घड्याळ उघडून, काटा उपटून नव्याने बसवल्याशिवाय ते सुधारत नाही. रेघेपासून अर्ध्या घराने हटून बसणारं घड्याळ तिथल्या तिथे परत करा आणि दुसरं मागा.