ब्रेक तापले की हवा गेली?

उतारावर ट्रक सुटला की सगळे एकच कारण सांगतात: ब्रेक फेल. एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक लागणाऱ्या गाडीत यामागे दोन वेगळे बिघाड असतात. ते ओळखता आले नाहीत तर सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी बसतो.

ब्रेक तापतात तेव्हा हवेचा काटा ७-८ बारवर असतो, पॅडलही नेहमीसारखंच लागतं, पण गाडी आवरत नाही. लायनिंगची, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीची पकड गेलेली असते, चाकाबरोबर फिरणारा ड्रम उष्णतेने फुगून लायनिंग बसवलेल्या शूपासून लांब गेलेला असतो. जळका वास आणि चाकातून धूर येतो.

हवा जाते तेव्हा काटा उतरतो, बजर वाजतो. कारण फाटका डायफ्राम (हवेने ब्रेक ढकलणारा रबरी पडदा) किंवा फुटकी नळी. हवा फारच कमी झाली की मागचे स्प्रिंग ब्रेक, जे हवेच्या दाबानेच मोकळे राहतात, आपोआप आवळतात आणि गाडी जाम होते. पण गॅरेजमध्ये स्प्रिंगचा बोल्ट आवळून तो ब्रेक मोकळा केला असेल आणि 'आधी माल पोहोचव' म्हणत गाडी तशीच पिटाळली असेल, तर हा शेवटचा आधारही उरत नाही. यासारखा जीवघेणा जुगाड दुसरा नाही.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना काही जण डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये येतात. मग गिअरचा रोध नसल्याने ब्रेक तापतात आणि कॉम्प्रेसर थांबल्याने दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपत जाते. दोन्ही बिघाड एकाच वेळी. ही चूक ड्रायव्हरचीच.

पण ब्रेक तापले म्हणजे दरवेळी त्यानेच चुकीचं चालवलं, असं मुळीच नाही. दोन चाकांचे स्लॅक (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे भाग) ढिले असतील तर उरलेली चाकं सगळा भार घेऊन तापतात. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा) बंद, लायनिंग संपलेलं, वर ओव्हरलोड, हे मालकाने बघायचं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९० सदोष गाडी चालवणाऱ्याला लागतं, तसंच ती चालवायला लावणाऱ्यालाही. म्हणून निघण्याआधी हवेची टाकी भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. तो घसरत राहिला, तर फोटो काढून सुपरवायझरला लेखी कळवा. तोंडी तक्रार अपघातानंतर कुणालाच आठवत नाही.