परदेशातील स्वयंसेवा

स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात जायचे, ठरावीक मुदत तिथे राहायचे आणि पगाराची अपेक्षा न ठेवता तिथल्या लोकांच्या कामाला हातभार लावायचा, याला परदेशातील स्वयंसेवा म्हणतात. काम गावविकासाचे असते, म्हणजे पाणी, शाळा, दवाखाना, शेती यांचे. किंवा जंगल, कुरण, समुद्रकिनारा आणि वन्यजीव राखण्याचे. मुदत दोन आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत कितीही असू शकते. राहण्याजेवणाचा खर्च कधी बोलावणारी संस्था करते, कधी निर्वाहभत्ता मिळतो, तर कधी स्वयंसेवकालाच पदरमोड करून फी भरावी लागते.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द श्रमदान. सोलापूरकरांना तो नव्याने सांगायला नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अनुयायांना बरोबर घेऊन इथे तलाव खोदला, आणि त्या तलावाकाठी आजही शहर जमते. कष्टाचे काम हीच पूजा, या कायकाच्या शिकवणीतून ते काम उभे राहिले. पण श्रमदान आपल्या गावात होते. जमिनीचा उतार कुठे, पाणी कुठून वाहते, कोणाचा बांध कोणाला लागून आहे, हे सगळ्यांना पाठ असते. परक्या देशात यातले काहीच ठाऊक नसते. परदेशातील स्वयंसेवेच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

या चळवळीचे आजचे रूप पहिल्या महायुद्धानंतर आकाराला आले. १९२० मध्ये स्वित्झर्लंडचे शांततावादी पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांतली माणसे घरे बांधायला एकत्र आणली. कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही त्यांत होते. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये आले आणि पडलेली खेडी पुन्हा वसवण्याच्या कामात राबले. पुढे आणखी संस्था आणि सरकारेही या कामात उतरली. ब्रिटनमध्ये १९५८ साली ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ (व्हीएसओ) ही संस्था, अमेरिकेत १९६१ साली ‘पीस कोअर’ ही सरकारी योजना आणि जपानमध्ये १९६५ साली तशीच योजना सुरू झाली. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वतःचा स्वयंसेवक कार्यक्रम स्थापन केला. त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. पीस कोअरचे तरुण १९६१ ते १९७६ या काळात भारतातही काम करत होते.

सोलापूरचा या इतिहासाशी संबंध मात्र यातल्या बऱ्याच संस्थांच्या आधीचा आहे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमधून सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर आणि औषधे मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि काँग्रेसने ही मागणी मान्य केली. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी सोबत होते, आणि पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, म्हणजे तेव्हा वय अवघे सत्तावीस. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते नुकतेच डॉक्टर झाले होते.

पुढच्या वर्षी पथक येनानला पोहोचले. तिथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द जोडला गेला. कोटणीसांचे नाव ‘के दिहुआ’ झाले. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. सोबतचे डॉक्टर एकेक करून भारतात परतले, कोटणीस राहिले. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवू लागले. एका मोठ्या लढाईत ते सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, अशी त्यांच्याविषयीची हकिगत दोन्ही देशांत सांगितली जाते. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये तिथेच काम करताना वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. चीनमधील शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आणि पुतळा आहे, आणि सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे.

कोटणीसांची गोष्ट युद्धकाळातली आहे, पण स्वयंसेवेची कसोटी लावायला तिच्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. त्यांना तिथल्या लोकांनी बोलावले होते. जे हवे होते तेच त्यांच्या हातात होते, आणि आपल्यामागे काम करणारे स्थानिक हात तयार करण्यात त्यांनी आपला वेळ घातला. आजच्या एखाद्या प्रकल्पाची माहितीपत्रके चाळताना आधी हेच शोधावे : बोलावणे नेमके कोणाचे आहे, आणि आपण निघून आल्यावर तिथे कोण काम करणार आहे?

निसर्गरक्षणाच्या कामात अनोळखी माणसाचाही उपयोग होतो, पण काम त्या जातीचे हवे. कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर १९५० च्या दशकापासून समुद्रकासवांचा अभ्यास चालू आहे. तिथला स्वयंसेवक रात्री गडद कपडे घालून वाळूत मैलोन् मैल चालतो. पांढरी बॅटरी लावायची नाही, फक्त लाल उजेड. मादी दिसली तरी ती खड्डा खणून अंडी घालू लागेपर्यंत लांब थांबायचे. आधीच चाहूल लागली तर ती तशीच समुद्रात परतते. मग मागच्या बाजूने वाकून अंडी मोजायची, बहुधा शंभराच्या आसपास भरतात. पाठीच्या कवचाला टेप लावायची, वल्ह्यासारख्या पायावरच्या बिल्ल्याचा आकडा वहीत उतरवायचा आणि पुढे चालायला लागायचे. एका रात्रीच्या नोंदीला फारशी किंमत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी एकावर एक रचल्या की कासवे वाढली की घटली ते कळते. शिकायला एक दिवस पुरतो, पाय मात्र पुष्कळ लागतात. म्हणून इथे बाहेरचा माणूस खरोखर कामाला येतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर हेच काम गावकऱ्यांनी अंगावर घेतले आहे.

याउलट सर्वांत घाऊक प्रमाणात होणारे काम, झाडे लावण्याचे, ते सगळीकडे हिताचेच असते असे नाही. सोलापूरच्या माणसाला हे आपल्या माळावरूनच कळायला हवे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. माळढोक मोकळ्या जमिनीवर घरटे न बांधता अंडे घालतो, तेही वर्षाकाठी बहुधा एकच. त्याला, काळविटाला, लांडग्याला, धाविक पक्ष्याला लांबवर नजर पोहोचेल असे गवत लागते. दप्तरात हीच जमीन ‘पडीक’ म्हणून लागते, आणि पडीक दिसली की कोणालाही तिथे खड्डे खणून रोपे लावावीशी वाटतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला विचारले तर कुसळी गवत कुठे, पवन्या गवत कुठे, कोणत्या ओघळीला लांडग्याची पिल्ले, हे तो उभ्या उभ्या सांगतो. आफ्रिकेतल्या सव्हाना गवताळ प्रदेशांचीही हीच व्यथा आहे. बाहेरून आलेले भले लोक तिथेही उत्साहाने झाडे लावतात, आणि गवतावर जगणारी सृष्टी मागे सरते.

काही प्रकारांपासून दूरच राहावे. कंबोडिया, नेपाळ यांसारख्या देशांत पैसे भरून अनाथाश्रमात ‘सेवा’ करायला येणाऱ्या पाहुण्यांची मागणी वाढली, तशी आईवडील हयात असलेली मुलेही आश्रमांत आणून ठेवली जाऊ लागली. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. त्या लेकरांचे काय होत असेल, याचा विचार जाण्याआधी व्हायला हवा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे बाटलीने दूध पाजायला आणि कुरवाळायला देणारी केंद्रेही याच माळेतली. माणसाळलेला सिंह पुन्हा जंगलात सोडता येत नाही. असे सिंह कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेले आहेत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगायचे तर, अनेक देशांत बिनपगारी कामही कायद्याने ‘काम’च धरले जाते आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील देशांत जाण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात लस घेऊन तिचे कार्ड जवळ ठेवावे लागते. परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात राहावे लागते. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षे काढलेल्यांना खेड्यात राहून काम करण्याची सवय आधीच झालेली असते. ती इथे उपयोगी पडते.

सोलापूरच्या तरुणाकडे देण्याजोगे काय आहे, हा प्रश्न पुष्कळदा संकोचाने विचारला जातो. उत्तर कोरडवाहू शेतीत आहे. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे, आणि मोहोळच्या केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा रब्बी ज्वारीचा वाण आजही शेतकऱ्यांच्या पेरणीत आहे. ज्वारी मुळात आफ्रिकेतून आपल्याकडे आलेली. इथिओपिया, सुदान, केनियात ती आजही खाल्ली जाते. काळ्या जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी कोळपणी किती वेळा करायची, बांध कुठे घालायचा, पाऊस ओढ देतो तेव्हा जनावरांसाठी कडबा कसा राखायचा, हे मंगळवेढ्याच्या किंवा बार्शीच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलामुलींना लहानपणापासून दिसत आलेले असते. तिकडच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याची पद्धत आधी ऐकली, तर सांगण्यासारखे पुष्कळ निघेल, आणि घेऊन येण्यासारखेही.