थकबाकीदार किती? शीटलाच मोजू द्या

ठाण्यातील आमच्या ग्राहक सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार यांच्यासाठी

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिथे एक प्रश्न हमखास येतो: मेंटेनन्स किती जणांचा थकला आहे, आणि कुठल्या विंगचा? घोडबंदर रोडवरच्या चार विंगांच्या सोसायटीत १९२ फ्लॅट असले, की यादीवर बोट फिरवून मोजणे धोक्याचे. हे काम एक्सेलमधले काउंटइफ हे फंक्शन क्षणात करते. गूगल शीट्समध्येही ते तसेच चालते.

समजा ए कॉलममध्ये विंग, बी मध्ये फ्लॅट नंबर, सी मध्ये थकीत रक्कम आणि डी मध्ये ‘भरले’ किंवा ‘बाकी’ अशी नोंद आहे. मग रिकाम्या चौकटीत लिहा:

=काउंटइफ(डी२:डी१९३,"बाकी")

सूत्र इथे वाचण्यासाठी देवनागरीत छापले आहे. शीटमध्ये फंक्शनचे नाव, कॉलमची अक्षरे आणि आकडे इंग्रजीत टाइप करा. ‘बाकी’ मात्र नोंदीत आहे तसेच. आधी कुठे शोधायचे ते, मग काय शोधायचे ते, एवढेच त्यात आहे.

पाच हजार किंवा त्याहून जास्त थकलेले हवे असतील तर शोधायची जागा सी२:सी१९३ आणि अट अशी: ">=५०००". चिन्हासकट अवतरणात. सभेत कोणी मध्येच ‘दहा हजारांवरचे सांगा’ म्हणते, म्हणून आम्ही रक्कम एफ१ मध्ये ठेवून ">="&एफ१ असे लिहायला सुचवतो. आकडा बदलला की उत्तर बदलते.

दोन अटी एकदम हव्या असतील तर काउंटइफ्स:

=काउंटइफ्स(ए२:ए१९३,"बी",डी२:डी१९३,"बाकी")

दोन्ही पट्टे सारख्याच लांबीचे हवेत, नाहीतर एरर येतो. ‘बी किंवा सी विंग’ हवी असेल तर मात्र या दोन्ही अटी एकाच काउंटइफ्समध्ये घालू नका. एकच फ्लॅट दोन विंगांत नसतो, त्यामुळे उत्तर शून्य येईल. दोन्ही विंगांची वेगवेगळी मोजणी करून बेरीज करा.

खरी अडचण सूत्रात नसते, नोंदीत असते, आणि आमचा आग्रह इथेच आहे. कोणी ‘बाकी’ लिहितो, कोणी ‘बाकी आहे’, कोणी ‘पेंडिंग’. कधी शब्दाच्या शेवटी एक स्पेस राहून जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण शीटच्या दृष्टीने तो वेगळा शब्द असतो आणि ती नोंद मोजणीतून गळते. सगळ्यात फसवी सवय रकमेपुढे ‘/-’ लावण्याची. चेकवर ते ठीक, पण शीटमध्ये ५०००/- हा आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि ‘पाच हजारांवरचे’ मोजताना तो सदस्य यादीत येतच नाही. कसलाही एरर दिसत नाही, म्हणून हे जास्त घातक. सी कॉलममध्ये फक्त आकडा लिहा. डी साठी डेटा व्हॅलिडेशनमधून ‘भरले’ आणि ‘बाकी’ एवढ्या दोनच पर्यायांची ड्रॉप-डाउन यादी लावा.

सभेपूर्वी एक ताळा जरूर करा: भरले अधिक बाकी बरोबर १९२ व्हायला हवेत. बेरीज कमी आली, तर डी कॉलमला फिल्टर लावा. वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या आणि रिकाम्या नोंदी तिथे समोर दिसतील. तरीही ताळा जमत नसेल तर शीट आहे तशीच आमच्याकडे पाठवा, त्याआधी काही पुसू नका.