कु-ऊ की पेर्-ते-व्हा?

कोकीळ आणि पावशा, दोघंही सूर चढवत चढवत नेतात आणि टिपेला पोचले की एकदम गप्प होतात. फसगत होते ती इथेच. बागेतून हाका येत राहतात, प्रत्येक हाकेबरोबर पट्टी वर जाते, आणि आपण खिडकीत उभं राहून म्हणतो, "कोकीळ आला!" पावशाची दाद अशी वर्षानुवर्षं कोकिळाच्या खात्यावर जमा होत आली आहे.

मीही कॉलेजात जाईपर्यंत असंच समजत होते. मे महिन्यात वाईजवळच्या आमच्या गावी होते, रात्री अंगणात अंथरुणं पडली होती. टिपूर चांदणं होतं आणि ओढ्याकडच्या झाडीत कुणीतरी थांबायचं नाव घेत नव्हतं. मी म्हटलं, "आजी, कोकीळ किती ओरडतोय गं आज!" आजी कुशीवर वळली. "त्यो न्हवं कोकीळ. पावशा हाय त्यो. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा म्हणतोय, ऐक की जरा." मी ऐकलं. आणि एकदा ते शब्द कानात बसल्यावर त्या आवाजात पुन्हा कधी कोकीळ ऐकूच आला नाही.

पुढे पक्षी बघायला लागले तेव्हा कळलं की आजीनं नुसतं नाव सांगितलं नव्हतं, ओळखायची रीतच सांगितली होती. मात्रा मोजायच्या.

कोकिळाच्या हाकेत दोन भाग असतात. कु-ऊ. पहिला आखूड, दुसरा लांब आणि वर ओढलेला. मधे कुठे तुटत नाही. गायक मींड घेतो तसा सूर खालून वर सरकत जातो. आवाज गोल, भरदार. पहिली हाक खालच्या पट्टीत, अगदी निवांत असते. पुढची थोडी वर, त्यापुढची आणखी वर, असं करत सातव्या-आठव्या हाकेपर्यंत तो चांगलाच उतावीळ होतो. मग थांबतो आणि पुन्हा खालून सुरुवात करतो.

पावशाच्या हाकेत तीन भाग. पेर्-ते-व्हा. तीन वेगळ्या पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात, आणि मधली पायरी सगळ्यांत उंच आणि लांब असते. आवाज बारीक, तीक्ष्ण, शिट्टीच्या जातीचा. चार-सहा वेळा तेच शब्द, दर वेळी वरच्या पट्टीत, आता याचा गळा फाटणार असं वाटायला लागतं आणि तेवढ्यात शांतता.

चढता सूर दोघांचाही आहे, म्हणून चढण्यावरून ओळखायला गेलात की चुकाल. एका हाकेत किती तुकडे, एवढंच मोजा. बोटांवर मोजलेत तरी चालेल. मी नवख्या मंडळींना टेकडीवर घेऊन जाते तेव्हा मांडीवर टाळी द्यायला लावते. दोन टाळ्यांत हाक संपली तर कोकीळ, तिसरी द्यावी लागली तर पावशा.

मला यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की हा हिशेब लोकांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. पावशाच्या हाकेला प्रत्येक भाषेनं आपापले शब्द दिले. मराठी शेतकऱ्याला पेरणीची घाई होती, त्याला 'पेर्ते व्हा' ऐकू आलं. हिंदीत तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो, प्रियकर कुठे आहे म्हणून. बंगालीत तो 'चोख गेलो' म्हणतो, म्हणजे डोळे गेले. उन्हाळ्यात झोप न लागणाऱ्या ब्रिटिशांना 'ब्रेन-फीव्हर' ऐकू आलं आणि त्यांनी पक्ष्याचं नावच ते ठेवलं. अर्थ चारही ठिकाणी निराळा, पण मोजून बघा, चारही ठिकाणी तीनच ठोके. कोकिळाला मात्र असं वाक्य कुणी फारसं दिलं नाही. त्याची कुहू कुहूच राहिली, आणि कोकिल, कोयल, कोकीळ ही नावंही त्या हाकेतूनच आली. कवींनी एवढं लिहिलं, पण ठोक्यांचा हिशेब शेतात आणि अंगणात राहणाऱ्यांनी जपला, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळ आणि ऋतू. थंडीत दोघंही जवळपास मुके असतात. आंब्याचा मोहोर ओसरायला लागतो तसा कोकिळाचा गळा मोकळा होतो आणि तो पार पावसाळ्यापर्यंत चालतो. पावशा साधारण मार्चमध्ये सुरू होतो आणि मे-जूनमध्ये भरात येतो. म्हणजे चैत्र-वैशाखात दोघंही एकाच वेळी गात असतात, आणि गोंधळ याच दिवसांत जास्त. फाल्गुनाच्या सुरुवातीला एकच आवाज येत असेल तर तो बहुधा कोकिळाचा. वेळेवरून काही ठरवू नका. कोकीळ उजाडायच्या बराच आधी सुरू करतो. पावशाला चांदणी रात्र आणि आभाळ भरलेली दुपार दोन्ही आवडतात.

पावशा पाऊस सांगतो का, हे मला हमखास विचारतात. तो मार्चपासून ओरडतो, तेव्हा पाऊस तीन महिने लांब असतो. त्याचं ओरडणं विणीच्या हंगामासाठी असतं. पण रोहिणी संपून मृग तोंडावर येतो, शेतकऱ्याचं लक्ष आभाळाकडे लागतं, नेमका तेव्हाच पावशा सगळ्यांत जोरात असतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि मन त्यांची गाठ मारतं. ही गाठ शास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही, तरी 'पेर्ते व्हा' म्हणणं मी सोडलेलं नाही. ओळख पटवायला त्यापेक्षा चांगले शब्द नाहीत.

चातक हा तिसराच. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, पावसाच्या आगेमागे दिसणारा. गाण्या-कवितांत चातक आणि पपीहा, म्हणजे हिंदीतला पावशा, एक करून टाकतात. बागेत ते एक नाहीत.

आणखी एक घोळ आपल्या भाषेनंच घातला आहे. 'कोकिळा गाते' असं आपण म्हणतो, मोठ्या गायिकेला गानकोकिळा म्हणतो. प्रत्यक्षात कु-ऊ करतो तो नर, कोकीळ. काळाभोर, निळसर चमक, लाल डोळे, फिकट हिरवट चोच. मादी तपकिरी असते, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा तुटक, घाईचा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना तो ऐकू येतो. हा आवाज कितीतरी जणांनी रोज ऐकलेला असतो, पण तो कोकिळेचा आहे असं सांगितलं की विश्वास बसत नाही. पुढच्या वेळी तो आवाज आला की मान वर करून बघाच.

दिसण्यात मात्र कोकीळ आणि पावशाची गल्लत होण्याचं कारण नाही. कोकिळाला आपण कावळा समजू, पावशाला शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. पावशा साधारण ३४ सें.मी., पाठ राखाडी, छातीवर फिक्या तपकिरी आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळं कडं. उडतोही शिक्र्यासारखाच, थोडे पंख मारून मग तरंगत. तो झाडात शिरला की छोटे पक्षी घाबरून कालवा करतात. चोच बघितली की उलगडा होतो: शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळसाधी. कोकीळ त्याहून मोठा, साधारण ४३ सें.मी., त्यात लांब शेपटीचा वाटा बराच. पण दोघंही दाट पानांत बसतात, तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवलेली बरी. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. मर्लिनसारखं अ‍ॅप नाव सुचवतं, तेही चालवून बघा. फक्त त्याचं उत्तर वाचायच्या आधी आपल्या टाळ्या मोजून झालेल्या असू द्या.

सिंगापूरला राहणारी माझी मावसबहीण एकदा फोनवर म्हणाली, "ताई, इथे पहाटे पावशा ओरडतो." पावशा हा मुख्यतः भारतीय उपखंडातला पक्षी, सिंगापूरच्या वस्त्यांत आहे तो कोकीळ, आणि तोही भरपूर. मी तिला फोन खिडकीत धरायला लावला. कु-ऊ. दोनच.

परक्याच्या घरट्यात अंडी घालणं हे दोघांतलं साम्य, पण यजमान वेगळे, आणि त्यावरूनही आवाजाचा अंदाज बांधता येतो. कोकीळ कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असतो, म्हणून जिथे कावळे घरटी बांधतात त्या भर वस्तीत, रस्त्याकडेच्या झाडांवर तो हमखास. कावळ्यांनी पिटाळला की त्याचा कु-ऊ विसरून कर्कश आरडाओरडा सुरू होतो, तोही ओळखीचा करून ठेवा. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात त्यांच्यासारखंच निळं अंडं घालते, म्हणून टेकडीचा पायथा, शेताची कड, झुडपं असलेली मोठी बाग ही त्याची जागा.

जुलैत पाऊस स्थिरावला आणि पावशा गप्प झाला की सातभाईंच्या थव्याकडे लक्ष ठेवा. पाचोळा उडवत कलकलाट करणाऱ्या त्या टोळीत एखादं पिल्लू वेगळंच दिसतं, पोटावर तपकिरी ठिपके, शेपटीवर पट्टे. ते फांदीवर बसून तोंड वासतं आणि सातभाई अळ्या आणून आणून त्याला भरवत असतात. त्याला अजून तीन मात्रा येत नसतात.