काँसाच्या मुळाशी: इंदूरच्या माजलेल्या जमिनींची पार्श्वभूमी

पाऊस उघडला की बायपासपलीकडच्या कॉलन्यांतले रिकामे प्लॉट पुरुषभर माजलेले दिसतात. गाजरगवत, एरंड, मधूनच काँस या उंच रानगवताचे पांढरे तुरे. दिवाळीनंतर मालक येतो, तासाच्या भावाने जेसीबी लावतो, जमिनीची वरची साल खरवडून कोपऱ्यात ढीग घालतो आणि त्याला काडी लावतो. पुढच्या श्रावणात प्लॉट होता तसाच. इंदूरजवळ राऊकडे आमच्या मेव्हण्यांच्या जागेवर मी हे सलग तीन वर्षं पाहिलं, आणि दर वेळी जीव हळहळला. कारण माजलेल्या रानाचं काय करावं याचं उत्तर याच शहरात शंभर वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं.

माळव्याचा जुना वैरी काँस. दिसायला देखणा, पण त्याची खोडं जमिनीखाली खोलवर आडवी पसरतात. वरून कापला की फुटतो, जाळला की राखेतून कोवळा उगवतो. साध्या देशी नांगराचा फाळ त्याच्या मुळांपर्यंत पोचतच नाही. शेत दोन-चार वर्षं पडीक राहिलं की काँस शिरतो आणि मग बैलांच्या बळावर ते पुन्हा वहितीखाली आणणं कठीण होऊन बसतं. आपल्याकडे दख्खनेत कुंदा आणि हरळीने शेतकऱ्याला जसं जेरीस आणलं, तसंच इथे काँसाने.

१९२४ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचं होतं, पण पहिली गाठ पडली ती इथल्या काळ्या जमिनीशी. चौमासात ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाण्याला वाट काढून द्यायची आणि जमिनीत हवा खेळती ठेवायची, एवढं जमलं की बाकीचं सोपं, हे हॉवर्ड यांनी ओळखलं. जमिनीत कुजलेला पाला हवा, तर तो आणायचा कुठून? बांधावरून, पऱ्हाटीतून म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांतून, उपटलेल्या तणातून.

इथेच मला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. ज्याला आपण कचरा म्हणून काडी लावतो, तोच त्यांनी कच्चा माल मानला. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरायच्या; येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्या त्या चिरडून देत. मग तण, पाला, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर. तीनदा उलथापालथ, तीन महिन्यांत खत तयार. ढिगाचं तापमान सुरुवातीला ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढतं आणि त्या उष्णतेत तणाचं बीही मरतं. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९३१ साली तिच्यावर निघालेल्या पुस्तकावर दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी यशवंत वाड. वाड हे नाव वाचताना मराठी माणूस थबकतोच. इंदूरच्या मराठी घरांत ते का घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर काँसावर यंत्रं आली. इंदूर तेव्हा मध्यभारत या राज्याची उन्हाळी राजधानी होती. केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने अमेरिकन लष्कराच्या शिल्लक ट्रॅक्टरांनी काम सुरू केलं, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्याचा मोठा उद्देश काँसाच्या जमिनी मोडणं हाच होता. खोल नांगरट करून मुळं उन्हात उघडी पाडायची, म्हणजे ती वाळून मरतात. जमीन नंतर सलग पिकाखाली ठेवली नाही, तर काँस परत.

गाजरगवताची तऱ्हा निराळी. देशात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ मध्ये पुण्यात. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात. पण तो करार भारताने १९५६ च्या ऑगस्टमध्ये केला, तेव्हा ही कथा जपूनच सांगावी. काँस मुळाने टिकतो, हे बियाण्याने: एका झाडाला हजारोंनी बी. उघडी, नुकतीच खरवडलेली माती त्याला सर्वांत आवडते. म्हणजे जेसीबी दर वर्षी त्याच्यासाठी वाफाच तयार करून देतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, हाताळणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, त्यामुळे चरनोईत म्हणजे गावाच्या चराऊ जमिनीत शिरलं की कुरण गेलंच. महू-मानपूरकडच्या रानात घाणेरीचंही तसंच. ती खाल्ली तर गुरांचं यकृत बिघडतं. ती वरून छाटून उपयोग नाही. मातीच्या किंचित खाली मूळ तोडून झुडूप उलटं ठेवावं लागतं.

यंदा मेव्हण्यांना मी जेसीबी लावू दिला नाही. जुलैअखेर, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून चार माणसांनी गाजरगवत मुळासकट उपटलं. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं. तो दाट वाढला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. शेण जवळच्या गवळ्याकडून आणलं. मेव्हणे खड्डा खणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. चौमासात खड्ड्यात पाणी साचतं आणि सगळं सडतं, म्हणून पावसाळ्यात ढीग जमिनीवरच रचायचा, हेही त्याच ३०० एकरांवर ठरलेलं. पहिली उलथापालथ झाली तेव्हा ढिगातून वाफ निघत होती.